मेहुण्याच्या घराची जाहीर नोटीस पेपरात, अन गल्लीत भांडण पक्षांचं

गिरणाकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितोय, लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

पोळ्याच्या दिवशी सकाळी पेपरात आतल्या पानावर बँकेची चौकट आली. मेहुण्याचं नाव, त्याच्या बायकोचं नाव, गट नंबर, प्लॉट नंबर, चतुःसीमा, थकबाकी १७ लाख अधिक पुढील व्याज, अन खाली 'अधिकृत अधिकारी'. आम्ही घरात बैलांना नैवेद्य दाखवायच्या गडबडीत, अन शेजारचे आप्पा पेपर घडी घालून घेऊन आले, काही बोलले नाहीत, नुसतं बोट ठेवलं.

मेहुणा जळगाव एमआयडीसीत चटईच्या कंपनीत शिफ्ट सुपरवायझर होता. हातात २४ हजार यायचे. २०२१ ला पिंप्राळ्याकडे रो हाऊस घेतलं, १८ लाखाचं लोन, तेव्हा व्याज ६.९ होतं, हप्ता पावणेचौदा हजार. मग मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्यावर आमचं व्याज ठरतं, ४ चा चढत चढत फेब्रुवारी २०२३ ला साडेसहा झाला अन आमचा हप्ता साडेसोळावर गेला. तरी एक हप्ता चुकला नाही हो त्याचा. वहिनी फॉल-पिको करायच्या, त्यातून किराणा निघायचा.

गेल्या दिवाळीआधी कंपनीने एक शिफ्ट बंद केली, ४० जणांना सांगितलं की ऑर्डर आल्या की बोलावू. बोलावणं आलं नाही. दोन हप्ते साठवलेल्यातून भरले, जानेवारीपासून थकले, अन आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी बँकेची ६० दिवसांत पैसे भरा अशी नोटीस. त्याची बहीण माहेरी आलेली, झोका बांधलेला, अन पोस्टमन सही मागतोय.

आता मुद्दा. नोटीस आल्याचं कळल्यापासून आमच्या गल्लीत जो तो एकच बोलून राहिला, हे कुणामुळे झालं. एक गट म्हणतो दिल्लीवाल्यांमुळे, दुसरा म्हणतो मुंबईवाल्यांमुळे, तिसरा म्हणतो आपल्याच लोकप्रतिनिधीने एवढ्या वर्षात एक धड कारखाना आणला नाही. एका इच्छुक उमेदवाराने तर मेहुण्याच्या दारात उभं राहून फोटो काढला, 'अन्यायाविरुद्ध' म्हणून स्टेटसला टाकला, मेहुण्याला विचारलं सुद्धा नाही, आता पोरगी शाळेत जायला नाही म्हणते. या सगळ्यात ६० दिवस कधी निघून गेले ते कळलं नाही.

लिलाव थांबेल का एवढंच विचारायचंय. पण लोकांनी इथेही पक्ष काढले तर काढा, मला सवय झालीये.

भुसावळ_जंक्शन

वाईट वाटलं भो. पण खरं सांगू, २४ हजार पगारात साडेसोळाचा हप्ता म्हंजे ऐपतीच्या बाहेरच. बँकेने दिलं म्हणून घ्यायचं का? आमच्या वडिलांनी रेल्वेत ३४ वर्षं काढली, क्वार्टरमध्ये राहिले, रिटायर झाल्यावर घर बांधलं.

गिरणाकाठ

दादा, घेतलं तेव्हा हप्ता पावणेचौदा होता. अन तुमच्या वडिलांना क्वार्टर मिळालं, चटईवाल्याला कोण क्वार्टर देतं?

अमळनेरकर_नाना

मी जुन्या लोकांपैकी. आमच्याकडे प्रताप मिल बंद पडली, तिकडे धुळ्याला न्यू प्रताप मिल बंद पडली, त्या काळात माणसं रडली, पोरांच्या शाळा सुटल्या, कितीतरी जण सुरतला उधना-लिंबायतला गेले ते तिकडचेच झाले. पण एक सांगतो, मिल बंद झाली म्हणून कुणाच्या घराला सील लागलेलं मी पाहिलं नाही. कारण घर एकतर वडिलोपार्जित मातीचं, नाहीतर भाड्याच्या चाळीत. भाडं थकायचं, चाळमालक शिव्या द्यायचा, वाणी उधारी बंद करायचा, पण चतुःसीमा पेपरात येत नव्हती. आता नोकरी अन घर एकाच दोरीला बांधलेत. एक सुटलं की दुसरं आपोआप खाली. हा फरक आमच्या पिढीला कळायला वेळ लागतो, म्हणून आम्ही पटकन म्हणून जातो की पोराने हाव केली.

तापीचं_पाणी

सरळ आहे. बड्या उद्योगपतींची कर्जं माफ, शेतकऱ्याला २०१७ ला दीड लाख, २०१९ ला दोन लाख माफ, अन नोकरदाराने काय पाप केलं? त्याच्या दारातच ढोल वाजवायचा का? हे सरकार...

केळीवाला_रावेर

ओ साहेब शेतकऱ्याला मध्ये ओढू नका. वादळात बाग आडवी झाली की आमचं काय होतं ते येऊन बघा. अन माफी पीककर्जाची होती, त्यातही किती जण निकषात बसले ते सोसायटीच्या सचिवाला विचारा. माझ्या भावाने घर बांधायला कर्ज काढलंय, ते कुठल्याच माफीत नव्हतं.

तापीचं_पाणी

मी शेतकऱ्याविरुद्ध बोललोच नाही. सरकारविरुद्ध बोललो.

केळीवाला_रावेर

बोलताना आमचंच नाव येतं ना पण दरवेळी.

निवृत्त_शाखाधिकारी

नमस्कार. ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची ६ वसुलीत, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे.

आधी ते 'उद्योगपतींची माफी' प्रकरण. राइट ऑफ म्हणजे बँक आपल्या ताळेबंदातून ते कर्ज काढते, वसुली चालूच राहते. माफी वेगळी. आता राइट ऑफ झालेल्यातून प्रत्यक्ष वसूल किती होतं यावर चिडायचं तर चिडा, मीही चिडतो, पण दोन शब्द एक करू नका.

मेहुण्याच्या केसमध्ये कुठे चुकलं सांगतो. हप्ता थकल्यावर ९० दिवसांनी खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं. त्याच्या आधीच्या ९० दिवसांत बँक नुसती नोंद ठेवते, पहिले ३० दिवस, मग ६०, मग ९०, अशा तीन पायऱ्या. याच काळात शाखेत जाऊन लेखी दिलं असतं की नोकरी गेलीये, काही महिने हप्ता कमी करा, मुदत वाढवा, तर मॅनेजरच्या हातात काहीतरी असतं. एनपीए शिक्का बसला की फाईल शाखेतून उठते अन वसुली विभागात जाते, तिथे बसलेल्याला तुमचा चेहरा माहीत नसतो. अन लोक नेमकं उलटं करतात. पहिले ३ महिने लाजेने बँकेसमोरचा रस्ता सुद्धा बदलतात. मग नोटीस आली की पुढाऱ्याला घेऊन येतात. पुढारी माझ्या केबिनमध्ये यायचा, चहा प्यायचा, माझ्यावर आवाज चढवायचा, बाहेर जाऊन सांगायचा 'बोललोय मी, काही होत नाही'. अन तारीख पुढे सरकायची. माझ्या टेबलावरून अशी किती घरं गेली, सांगवत नाही.

अजून एक. एनपीए झाल्यावर एखादा हप्ता भरून शिक्का निघत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. हे माहीत नसल्याने बायकोची सोन्याची पोत मोडून एक हप्ता भरणारे पाहिलेत.

गिरणाकाठ

साहेब पोत मोडली. मार्चात. एकच हप्ता भरला.

निवृत्त_शाखाधिकारी

समजलं.

वरणगाव_फाटा

बँकेची पण काही जबाबदारी असते की नाही? लोन देताना घरी येऊन पेढे खातात. वसुलीवाले रात्री साडेनऊला फोन करतात, आमच्याकडे तर शेजाऱ्याला फोन केला होता.

निवृत्त_शाखाधिकारी

रिझर्व्ह बँकेने सकाळी ८ च्या आधी अन संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला २०२२ ला परिपत्रक काढून मनाई केली. रेकॉर्डिंग ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फुकट आहे, घरबसल्या होते.

पिंप्राळा_टू_फिनिक्स

धागा वाचून राहवलं नाही. मी पिंप्राळ्याचाच, २००६ पासून ॲरिझोनात. इथे २००८ च्या घरकर्जांच्या मंदीनंतर जे पाहिलं ते डिट्टो आठवलं, आकडे मोठे होते एवढंच. आमच्या रांगेतल्या ११ पैकी ४ घरांवर बँकेच्या पाट्या लागल्या होत्या, स्विमिंग पुलात हिरवं पाणी अन डास. नेवाडा, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया अन आमचं ॲरिझोना, सगळ्यात जास्त मार या चौघांना.

सुरुवात फालतू कर्जांनी झाली हे खरं, ज्याला उत्पन्न नाही त्यालाही लोन दिलेलं. पण पुढची लाट वेगळीच होती. डिसेंबर २००७ ला बेकारी ५ टक्के होती, ऑक्टोबर २००९ ला १० टक्के झाली, अन मग ज्यांची कर्जं एकदम चोख होती, शाळामास्तर, सुतार, कारखान्यातले लोक, त्यांची घरं जायला लागली. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या सुमाराची तिथलीच जुनी मंदी तपासली होती, तेव्हा घराची किंमत कर्जाच्या खाली गेलेल्यांपैकी १० टक्क्यांपेक्षाही कमी लोकांनी घर गमावलं होतं. म्हंजे किंमत पडली तरी माणूस हप्ता भरत राहतो. किंमत पडलेली अन त्यातच पगार बंद झाला, म्हणजे विकूनही कर्ज फिटत नाही अन भरायलाही पैसा नाही, तेव्हा तो कोसळतो.

अन राजकारण तर विचारूच नका. एक पक्ष म्हणायचा वॉल स्ट्रीटला, म्हंजे बड्या बँकांना, मोकाट सोडलं म्हणून झालं, दुसरा १९७७ चा एक कायदा काढायचा, गरीब वस्त्यांत कर्ज द्या म्हणणारा, त्यानेच वाटोळं केलं म्हणे. फेब्रुवारी २००९ मध्ये टीव्हीवरचा एक पत्रकार, रिक सँटेली, शिकागोच्या सौद्याच्या हॉलमधून ओरडला की शेजाऱ्याचा हप्ता आम्ही का भरायचा, अन त्यातून टी पार्टी नावाच्या, सरकारी खर्चाविरुद्धच्या आंदोलनाला हवा मिळाली. सरकारने हप्ता कमी करायची योजना आणली होती, पण ती उत्पन्नाच्या हिशोबावर चालायची. ज्याचं उत्पन्नच शून्य त्याचा हप्ता कशाच्या टक्क्यात काढणार? बेकारांसाठी काही महिने हप्ता थांबवायची सोय २०१० ला आली, तोवर आमच्या रांगेतला सुतार गाडीत सामान टाकून टेक्सासला गेला होता.

भुसावळ_जंक्शन

अमेरिकेत चावी बँकेला दिली की सुटला म्हणतात, खरं का?

पिंप्राळा_टू_फिनिक्स

काही राज्यांत, काही कर्जांना. सगळीकडे नाही.

संभाजीनगर_कोर्टवाली

भुसावळवाले दादा, आपल्याकडे मुळीच नाही. घर लिलावात गेलं अन पैसे कमी पडले तर उरलेल्या रकमेसाठी बँक पुन्हा दावा करू शकते, कर्जदारावरही अन जामीनदारावरही.

मी वकील आहे, खान्देशातल्या अशा केसेस इकडे कर्जवसुली न्यायाधिकरणात येतात म्हणून लिहिते. गिरणाकाठ, आधी त्या चौकटीचं हेडिंग नीट वाचा. 'ताबा सूचना' आहे की 'विक्री सूचना'? तुमच्या लिहिण्यावरून ती ताब्याची वाटते, म्हणजे कागदोपत्री ताबा घेतलाय, लिलाव अजून लागलेला नाही. फरक फार मोठा आहे. लिलावाची नोटीस छापून यायच्या आत पूर्ण देणं भरलं तर घर परत मिळतं, छापून आल्यावर तो हक्क संपतो. सुप्रीम कोर्टाने २०२३ ला हे स्पष्ट केलंय.

६० दिवसांच्या नोटिशीला उत्तर दिलं होतं का? लेखी हरकत घेतली की बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. नसेल घेतली तर ते गेलं. आता ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, पण 'नोकरी गेली' हे कारण तिथे चालत नाही, बँकेने प्रक्रियेत काय चूक केली ते दाखवावं लागतं. रक्कम बरोबर आहे का, नोटीस योग्य पत्त्यावर गेली का, दंडाची आकारणी कशी केली, हे तपासायला स्टेटमेंट घेऊन या. खोटी आशा देत नाही.

आणि मला जे खरं वाटतं ते सांगते, घर तुम्हीच विका. नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही, पण गिऱ्हाईक हातात घेऊन गेलात तर बँका शक्यतो अडवत नाहीत, त्यांनाही लिलावाचा खटाटोप नको असतो. बाजारभाव काय आहे तिथे?

गिरणाकाठ

ताई, हेडिंग बघितलं, 'ताबा सूचना'च आहे. आम्ही चार महिने झाले ६० दिवसांच्या नोटिशीला उत्तर दिलं नाही. एकाने सांगितलं होतं की नोटीस घेतलीच नाही तर लागू होत नाही, अन दुसऱ्याने सांगितलं की साहेबांचं पत्र आणतो. पत्र आलं सुद्धा, लेटरहेडवर, 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा'. बँकवाल्याने शिक्का मारून पोच दिली.

भाव २३-२४ लाख सांगतात. लिलावात १८ ला जाईल असं ऐकतोय.

संभाजीनगर_कोर्टवाली

मग ६ लाखाचा प्रश्न आहे, पक्षाचा नाही. जामीनदार कोण आहे?

गिरणाकाठ

मी.

अमळनेरकर_नाना

अरे बाप्पा.

गिरणाकाठ

लिहायचं नव्हतं, पण आता विचारलंच तर. बायकोला सुद्धा नीट सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी नुसता साक्षीदार म्हणून सही केली. माझा सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) गेला, पोराच्या शिक्षणाच्या लोनला परवा बँकेने नाही म्हटलं तेव्हा कळलं की एवढं पुढे गेलंय. मी पण त्या गल्लीतल्या भांडणात होतो, खोटं कशाला बोलू. मेहुणा एका पक्षाचा, मी दुसऱ्या, गणपतीत आमचं वाजायचं. नोटीस आली तेव्हा मी त्याला पहिलं काय म्हणालो असेल? 'बघ, अजून दे मत त्यांना.' तो काही बोलला नाही, आत गेला अन फाईल कपाटात ठेवून दिली. तिथेच पडून होती ती, चार महिने.

धुळे_पारोळा_रोड

भो, पक्ष कोन्ताबी राहो, आपला हप्ता कोन्ही भरत नही.

तापीचं_पाणी

हे सगळं मान्य, पण म्हणून राजकारण्यांना सोडून द्यायचं का? नोकऱ्या का गेल्या हा प्रश्न विचारायचाच नाही? साक्रीचा पांझरा-कान साखर कारखाना चालू असता, आमच्या मिल चालू असत्या, तर एका चटई कंपनीवर माणूस अवलंबून राहिला नसता. जळगावात तर गरिबांच्या घरकुलांतच घोटाळा झाला, २०१९ ला धुळ्याच्या कोर्टाने शिक्षा सुनावल्या. सर्वपक्षीय होते त्यात. मग आम्ही चिडायचं नाही?

निवृत्त_शाखाधिकारी

चिडा ना. मतपेटीत चिडा, सभेत प्रश्न विचारा की बेकार झालेल्याचा हप्ता ६ महिने थांबवायची सोय का नाही. करोनात मार्च ते ऑगस्ट २०२० थांबवला होता, म्हंजे करता येतं हे सिद्ध झालंय. तेव्हा सगळ्यांचं एकदम बुडत होतं म्हणून केलं. एका कंपनीची एक शिफ्ट बंद होते तेव्हा ती कुणाला दिसत नाही. हा प्रश्न एकाही उमेदवाराला विचारलेला मी ऐकला नाही. 'कुणामुळे झालं' हे मात्र रोज ऐकतो.

सुरतवासी_खान्देशी

ईएसआयसीत (कामगारांच्या सरकारी विम्यात) बेकारांसाठी योजना आहे ना, अटल बीमित व्यक्ती वाली? ९० दिवस पगाराच्या ५० टक्के मिळतात. माझ्या मित्राला मिळाले.

गिरणाकाठ

बघितलं दादा. २१ हजाराच्या वर पगार गेला की ईएसआय बंद होतो. त्याला बढती मिळाली तेव्हा पेढे वाटले होते आम्ही.

केळीवाला_रावेर

गिरणाकाठ, माझा चुलत साला शिक्षक आहे, जळगावात बदली झालीये, रो हाऊस बघतोय, पिंप्राळा चालेल म्हणतो. कर्ज काढून घेणार, त्यामुळे वेळ लागेल, पण आधी बँकेशी बोलून ठेवा. नंबर व्यक्तिगत निरोपात टाकतो. भाव पाडून मागणार नाही, मी सांगतो त्याला.

संभाजीनगर_कोर्टवाली

हे करा. उद्याच बँकेत लेखी अर्ज द्या, मेहुण्याची सही, तुमची सही, गिऱ्हाईकाचं संमतीपत्र जोडा, पोच घ्या. पुढाऱ्याला नेऊ नका.

गिरणाकाठ (१२ दिवसांनी)

अपडेट देतो. बँकेत गेलो, मी अन मेहुणा दोघंच. अधिकारी तरुण पोरगी होती, नीट बोलली. गिऱ्हाईकाचं लोन मंजूर व्हायला वेळ दिलाय, तोवर विक्री सूचना काढणार नाही असं तोंडी म्हणाली, ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी ईमेलवर मागितलं, आलं. साडेतेवीसला ठरतंय. कर्ज, व्याज, दंड, सगळं जाऊन ५ लाखाच्या आसपास हातात राहतील. घर जातंयच, पण चतुःसीमा परत पेपरात येणार नाही.

बायकोला सांगितलं जामिनाचं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शेवभाजी केली, म्हंजे आता ठीक असावं.

ते भाड्याने शिरसोलीकडे बघतायत. त्या इच्छुक उमेदवाराचा फोन आला होता, 'आपल्या प्रयत्नांना यश' अशी पोस्ट टाकू का विचारत होता. मेहुण्याने फोन माझ्याकडे दिला, मी काय बोललो ते इथे लिहिलं तर आयडी उडेल.

एक विनंती. मेहुण्याला प्लास्टिक एक्सट्रूजनचा १३ वर्षांचा अनुभव आहे, मशीन तो स्वतः उघडून दुरुस्त करतो. कुणाच्या ओळखीत काही असेल तर सांगा. बाहेरगावी चालेल.

धुळे_पारोळा_रोड

नरडाणा एमआयडीसीत आमच्याकडे पाइपच्या लाइनवर माणूस पाहिजे. पगार १९, राहायला खोली कंपनीची. बायोडाटा धाडी द्या.

गिरणाकाठ

धाडला. पाळी कोणती?

धुळे_पारोळा_रोड

रातनी.

गिरणाकाठ

चालेल म्हणतो.